नोराच्या झऱ्यावरची चिंधी

श्रूजबरी, १ फेब्रुवारी २०२४

सावनी,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला दोन निळ्या खुणा येऊन थांबतात. त्याबद्दल तक्रार नाही. पत्र अशासाठी की ते तुला हवं तेव्हा उघडता येईल, किंवा नाही उघडलं तरी चालेल. तू नऊ वर्षांची असताना आपण इथे अमेरिकेत आलो आणि आईने दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी बसवून तुझं मराठी टिकवलं, म्हणून मराठीतच लिहितो. माझं अक्षर बारीक आहे, सावकाश वाच.

काल बर्फ पडलं. ड्राइव्हवे मीच साफ केला. कंबर ठीक आहे.

एक दुरुस्ती करायची आहे. ऑक्टोबरमध्ये, आईला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू तिचं कपाट आवरत होतीस. केमोला जाताना ती घ्यायची ती हिरवी ओढणी तू बाहेर काढलीस आणि विचारलंस, "बाबा, ही कुणी कापली?" मी म्हटलं, माहीत नाही. मला माहीत होतं. आईनेच कापली होती. तू ती तुझ्या घरी चँडलरला घेऊन गेलीस, म्हणजे तुला ती हवी होती. तेव्हा तुला हे कळायला हवं.

शेजारची नोरा फॅलन तुला आठवत असेल. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण इथे सगळे तिला नुसतं नोरा म्हणतात, आईही म्हणायची, म्हणून मीही एकेरीतच लिहितो. तिच्या मागच्या आवारात दगडी बांधाच्या पलीकडे एक झरा आहे. ती त्याला विहीर म्हणते, पण आपल्यासारखी खोल विहीर नव्हे. खडकाखालून पाणी येतं आणि परातीएवढ्या खळग्यात साठतं. नोराची आजी आयर्लंडमधून, क्लेअर नावाच्या भागातून, इथे मोलकरणीच्या कामाला आली. येताना तिने गावातल्या पवित्र विहिरीचं पाणी बाटलीत भरून ट्रंकेत आणलं होतं. ते तिने या झऱ्यात ओतलं आणि तेव्हापासून ही त्यांची ब्रिजिडची विहीर झाली. ब्रिजिड ही त्यांची संतीण. आज तिचा दिवस असतो. वाटेवर बर्फ होतं म्हणून नोराने मला बोलावलं आणि मी तिला दंडाला धरून तिथे नेलं.

आजारी माणसाने तिथे झऱ्याभोवती फेऱ्या घालायच्या, प्रत्येक फेरीला एक खडा टाकायचा म्हणजे मोजणी चुकत नाही. मग तीन घोट पाणी प्यायचं. अंगावरच्या कपड्याची चिंधी पाण्यात बुडवून दुखत्या जागी लावायची आणि शेजारच्या झाडाला बांधायची. झाड हॉथॉर्नचं आहे, बोरीसारखे काटे असतात. चिंधी जशी कुजत जाईल तसा आजार जातो, अशी त्यांची समजूत. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नाही, लावला तर आजार आपल्याकडे येतो.

गेल्या मे महिन्यात आईने त्या झाडाला ओढणीचा तुकडा बांधला होता. एवढंच. बाकी सांगण्यासारखं नाही.

चँडलरला आता हवा चांगली असेल.

बाबा


श्रूजबरी, ३ मार्च २०२४

सावनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

मागच्या वेळी मी फार थोडक्यात आवरलं. आई तिथे कशी गेली ते तुला माहीत असायला हवं.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की दुसरी केमोही लागू पडत नाही. हे तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर काही दिवस आई मागच्या खोलीच्या खिडकीपाशी बसून असायची. शिकवणीची मुलं तिने बंद केली होती, त्यामुळे दुपारी घरात आवाजच नसायचा. तिथून नोराचं झाड दिसतं. एका बुधवारी मी कामावर असताना ती आपण होऊन नोराकडे गेली. संध्याकाळी मला सगळं नकला करत सांगितलं. तिने नक्कल केली याचाच मला इतका आनंद झाला की निम्मं ऐकलं नसेन.

आईने विचारलं, "फेऱ्या कुठल्या बाजूने?"

नोरा म्हणाली, "सूर्य जातो त्या बाजूने. उजवा हात पाण्याकडे."

"म्हणजे आमच्यासारखीच प्रदक्षिणा. मला वाटलं, गाडी उलट्या बाजूने चालवता तशी ही पण उलटी घालत असाल."

"आणि हे पाणी उकळायचं नाही. ते उकळतच नाही, असं आजी म्हणायची."

"मग चहाची आशा नको."

नोरा इतकी हसली म्हणे की तिला बांधावर बसावं लागलं. मग दोघींनी सात फेऱ्या घातल्या. आईने ओढणी सोबत नेली होती, नोराच्या शिवणाच्या कात्रीने तिची वीतभर लांब पट्टी कापली, भिजवून पोटावर धरली आणि बांधली.

मी हे सगळं मानत नाही, तुला माहीत आहे. आईही गणिताची बाई. पण तिला विचारलं तर म्हणाली, "अहो, मानायचं कुठे आहे, बांधायचं तर आहे."

पहिल्या रविवारी चहा झाल्यावर मला घेऊन गेली, दाखवायला. त्यानंतर आम्ही दर रविवारी जायचो. ती त्या पट्टीशेजारी आपली बोटं आडवी धरायची आणि किती उरली ते मोजायची. जून संपता संपता कापड कमी व्हायला लागलं. जुलैत आणखी. "बोटभर गेलं," म्हणायची, आणि घरी येऊन नीट जेवायची. त्या उन्हाळ्यात तिला बरं वाटत होतं ते त्यामुळे. मी फोनवर तुला सांगायचो की आई बरी आहे, तेव्हा ती खरंच तशी दिसायची.

तिच्या टॉमेटोच्या कुंड्या गराजमध्ये आहेत. या वर्षी लावाव्यात की नाही ते ठरत नाही. रविवारी सकाळी मी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो.

तू एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

बाबा


श्रूजबरी, १४ एप्रिल २०२४

सावनी,

नोराचं घर विकलं गेलं. ती मेन राज्यात मुलाकडे राहायला जाते आहे. चौदा जूनला ताबा द्यायचा आहे. घर घेणारे लोक मागचं आवार सपाट करून लॉन करणार आहेत आणि ते झाड तोडणार आहेत, असं कळतं. तुला आईचा तुकडा बघायचा असेल तर त्याआधी यावं लागेल. बॉस्टनच्या विमानतळावर मी घ्यायला येईन. घरी राहायचं नसेल तर जवळच हॉटेल आहे.

आज तिला खोकी बांधायला मदत करायला गेलो होतो. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तुम्ही दोघं दर रविवारी तिथे काय करत होतात?"

मी म्हटलं, "किती कुजलं ते बघायचो."

ती म्हणाली, "ते बघायचं नसतं. मी पहिल्याच दिवशी इलाला सांगितलं होतं. बांधायचं, पाठ फिरवायची आणि घरी जायचं. मागे वळूनसुद्धा बघायचं नाही. ते कधी कुजलं हे बांधणाऱ्याला कळतच नाही. माझ्या आजीने तिची चिंधी पुन्हा कधी पाहिली नाही."

"मग इला काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमच्याकडे ठीक आहे. आमच्याकडे रिझल्ट लागतो, माझा नवरा लॅबमध्ये आहे."

आईने मला एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

नोराने आणखी एक बशी गुंडाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी दोघं यायचात. मंगळवारी तू एकटा यायचास. माझं सिंक त्या खिडकीपाशी आहे, उल्हास."

मी हो म्हटलं. मी चार खोकी गाडीत ठेवून घरी आलो.

झाडाला अजून पानं नाहीत. तुकडा वाटेवरूनही दिसतो.

बाबा


श्रूजबरी, १६ एप्रिल २०२४

सावनी,

परवाचं पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि लक्षात आलं की तीन पत्रं लिहून झाली तरी मी तुला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

ती ओढणी पॉलिएस्टरची आहे. हाताला सुती वाटते, आईलाही वाटली. एखादा धागा जाळून पाहिलास तर राख होणार नाही, काळी गोळी होईल. पण जाळू नकोस. माझ्यावर विश्वास नाही ठेवलास तरी चालेल, पण जाळू नकोस.

कापड उन्हापावसात किती टिकतं हे तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. असलं कापड एका उन्हाळ्यात कुजत नाही. रंग जरा उतरेल, बाकी वर्षानुवर्षं तसंच राहील. पहिल्या रविवारी मी ते चिमटीत धरलं तेव्हाच मला कळलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या लॅबच्या भाषेत सांगा, किती दिवसांत जाईल?"

मी म्हटलं, "पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत."

बांधलेलं सोडायचं नसतं हे तिने सांगितलं होतं, म्हणून आता सुती बांध असं म्हणायला जागा नाही, असं मी मनाशी म्हणालो. जागा होती. शेजारी दुसरं बांधता आलं असतं.

जूनच्या तिसऱ्या रविवारीही ते होतं तसंच होतं. तिने दोनदा बोटं लावून पाहिली. घरी येऊन जेवली नाही, सगळी दुपार भिंतीकडे तोंड करून पडून होती. मंगळवारी सकाळी मी कामावर जाण्याआधी तिथे गेलो. खिशात पॉलिश पेपर आणि लहान कात्री होती. कड घासून घासून पांढरी केली, आडवे धागे एकेक ओढून काढले, टोक असं कातरलं की कातरलेलं वाटू नये. आम्हाला कामावर जीर्ण झालेले नमुने रोज बघायचे असतात. कसं दिसतं ते मला चांगलं माहीत होतं. धागे खाली पडू दिले नाहीत, खिशात घातले.

त्या रविवारी आईने बोटं लावली आणि म्हणाली, "गेलं बाई थोडं." घरी येऊन तिने वरणभात मागून घेतला.

मग मी दर मंगळवारी जायला लागलो.

बारा ऑगस्टला तुझा फोन आला. इथे जवळ फिनिक्सला नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, तिच्यात जागा आहे, मी रजा टाकते, येते आणि आईला घेऊन जाते, असं तू म्हणालीस. आई म्हणाली, "आता नको गं. उगाच रजा घालवू नकोस. दिवाळीत ये, तोवर मी उभी राहून अनारसे करेन." ती दिवाळी तिने माझ्याकडून घेतली होती. मग तू मला वेगळा फोन केलास. मी गराजमध्ये होतो. तू म्हणालीस, "बाबा, खरं सांगा." मी म्हटलं, "सुधारणा आहे." शनिवार होता, तरी मंगळवारचे धागे त्या पँटच्या खिशात होते.

तू नऊ नोव्हेंबरचं तिकीट काढलंस. आई एकवीस ऑक्टोबरला गेली.

ट्रायलने काय झालं असतं हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं. पण तू ऑगस्टमध्ये आली असतीस तर आई तुला सत्तर दिवस मिळाली असती. ते माझ्यामुळे गेले. तू अंत्यविधीनंतर मला म्हणालीस, "तुम्ही रोज खोटं बोलत होतात." मी तेव्हा म्हटलं की आईचीच तशी इच्छा होती. तिची इच्छा मी घासून तयार केली होती.

मला तिला जेवताना बघायचं होतं. कारण विचारलंस तर एवढंच आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

हे वाचून तू कधीच बोलली नाहीस तर मी पुन्हा फोन करून त्रास देणार नाही.

बाबा


श्रूजबरी, २ जून २०२४

सावनी,

गुरुवारी तुझा मेसेज आला. सात महिन्यांनी तुझं नाव फोनवर दिसलं. एकच ओळ होती: आईला कळलं होतं का?

फोनवर लगेच उत्तर देता आलं असतं. तीन दिवस घेतले, कारण मला नीट आठवून लिहायचं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा तिने माझा हात हातात घेतला. पॉलिश पेपरने बोटांची टोकं सोलली होती. म्हणाली, "लॅबमध्ये ग्लोव्हज द्यायचे बंद केले का?" मी म्हटलं, नवीन काम आहे. तिने कैलास जीवनची डबी मागितली आणि दहाही बोटांना लावून दिलं. सावकाश, एकेका बोटाला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. त्यानंतर तिने झऱ्यावर येणं थांबवलं. "तुम्हीच बघून या आणि सांगा," म्हणायची. यावरून वाटतं की तिला कळलं होतं.

पण त्याच सुमारास तिच्याने पायऱ्या उतरवेनात. ती न येण्याचं कारण तेही असू शकेल.

अठरा ऑक्टोबरला, हॉस्पिटलमध्ये, तिने डोळे मिटूनच विचारलं, "किती राहिलं?" मी म्हटलं, "दोन बोटं." ती म्हणाली, "मग सावनी येईपर्यंत होईल." हे ती स्वतःसाठी म्हणाली की माझ्यासाठी, हे मी त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर शोधलं होतं. मला कळलं नाही.

काल नोराला विचारलं. ती म्हणाली, "मला तिने काही सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तर ते तुझ्यापाशी बोलायचं की नाही, हेही तिने सांगून ठेवलं असतं. इला तशी होती." यातून काही निघत नाही.

तेव्हा उत्तर असं की मला माहीत नाही. हो असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं, तुझ्यापेक्षा जास्त. कागदावर तसं एकदा लिहूनही पाहिलं. तो कागद पाठवत नाही.

आणखी एक. चौदा एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं होतं की नवीन मालक झाड तोडणार आहेत, बघायचं असेल तर चौदा जूनच्या आत यावं लागेल. तसं मला कुणी म्हणालेलं नव्हतं. तारीख दिली तर तू येशील असं वाटलं, म्हणून लिहिलं. काल ते लोक घर बघायला आले होते, तेव्हा जाऊन विचारलं. वुस्टरचं तरुण जोडपं आहे. बायको म्हणाली, "छान झाड आहे, ते कशाला तोडू? तुम्हाला हवं तेव्हा या, बेलही वाजवू नका." सध्या त्याला फुलं आहेत, पांढरी. वास मात्र चांगला नाही.

तुकडा दोन बोटांचा आहे तेवढाच आहे. मी त्याला ऑक्टोबरपासून हात लावलेला नाही. माझ्या अंदाजाने तो बरीच वर्षं राहील, आणि हा अंदाज खरा आहे.

म्हणजे घाई कसलीच नाही. पुढच्या वर्षी आलीस, त्याच्या पुढच्या वर्षी आलीस, तरी झाड तिथेच असेल आणि कुणी अडवणार नाही.

तरी ये.

बाबा